कारण काढणारा

आमच्या भागात पंप बिघडत नाही, जळतो. फोन आला की पहिलं वाक्य तेच असतं. "मोटर जळाली, कवा येताय?" जाऊन बघावं तर कधी पाइपाला तडा जाऊन पंपाने हवा घेतलेली असते, कधी आतल्या पंख्यात पालापाचोळा अडकलेला असतो, कधी उंदराने वायर कुरतडलेली असते. जळालेलं काहीच नसतं. तरी लोक माझ्या तोंडाकडे बघत विचारतात, "जळालीच म्हणायची ना?" हो म्हटलं की त्यांचा चेहरा सैल होतो. जळालेल्या वस्तूला कुणी जबाबदार नसतं.

कापूरहोळला, जिथून भोरचा रस्ता फुटतो, तिथे आमचा गाळा आहे. एका बाजूला धाबा, दुसऱ्या बाजूला टायरचं दुकान. गाळा थोरल्या भावाने, दादाने, सुरू केला. वडील लवकर गेले, तेव्हा मी शाळेत होतो. उत्रोलीची भातखाचरं आणि मी, दोन्ही दादाने सांभाळलं. त्याने मला शिकवलं, कारखान्यात चिकटवलं, आणि तिथलं काम सुटल्यावर काही न विचारता गाळ्यात माझ्यासाठी दुसरं स्टूल मांडलं.

कारखान्यात मी देखभालीच्या खात्यात होतो. तिथून एक सवय घेऊन आलो. पंप का बंद पडला हे कळल्याशिवाय तो चालू करायचा नाही. बेअरिंग गेलं, तर का गेलं? ग्रीस आटलं म्हणून. ग्रीस का आटलं? शाफ्ट तापला म्हणून. शाफ्ट का तापला? असं खाली खाली जात राहायचं. गावाकडच्या लोकांना पहिल्यांदा हे चाळे वाटले. मग दूध डेअऱ्या, पोह्याच्या गिरण्या, बर्फाचे कारखाने बोलवायला लागले. दादा गिऱ्हाइकांना सांगायचा, "म्या पंप काढतो, आमचं बारकं कारण काढतंय." लोक हसायचे. मीही हसायचो. पन्नाशी जवळ आली, मिशा पिकल्या, तरी त्याच्या तोंडी मी बारकंच.

कारण काढणे याचे आपल्या भाषेत दोन अर्थ होतात. एखाद्या गोष्टीच्या तळाशी असलेलं कारण शोधून बाहेर काढणं, हा एक. आणि भांडायचं ठरलेलंच असलं की त्यासाठी निमित्त काढणं, हा दुसरा. मी स्वतःला पहिल्या अर्थाचा माणूस समजत आलो.

दादाचं बेअरिंग बसवणं बघायला माणसं थांबायची. बेअरिंगचं भोक शाफ्टपेक्षा, म्हणजे पंपाच्या फिरत्या दांड्यापेक्षा, किंचित लहान असतं. ते तसंच ठोकून घातलं तर आतल्या गोळ्यांचे वळ रिंगवर उठतात आणि बेअरिंग जन्मतःच आजारी होतं. म्हणून ते तेलात गरम करायचं, म्हणजे फुगतं आणि अलगद सरकतं. त्यासाठी दादाकडे एक कढई होती. वहिनींच्या स्वयंपाकघरातली, एक कान तुटला म्हणून गाळ्यात आलेली. स्टोव्हवर कढई, कढईत काळं तेल, तेलात तारेला टांगलेलं बेअरिंग. धाब्यावर जेवायला थांबलेला एखादा ट्रकवाला वास घेत यायचा.

"काय तळताय, मालक?"

"भजी. लोखंडाची हायेत. दात असतील तर थांबा."

मग फडक्यात धरून दादा बेअरिंग शाफ्टवर चढवायचा. ते जागेवर बसताना एक बारीक आवाज यायचा, बाळाने दूध पिऊन ओठ मिटल्यासारखा. त्या आवाजानंतर तो नेहमी माझ्याकडे बघायचा. शाबासकी मागितल्यासारखं नव्हे. ऐकलंस ना, एवढंच.

वेल्ह्याकडे, पालीच्या अलीकडे, एक दूध थंड करायचं केंद्र आहे. डोंगरातल्या वाड्यांवरून, धनगरांच्या वस्त्यांवरून कॅन भरून टेम्पो येतात. तिथे गार पाणी फिरवणारे दोन पंप लोखंडाच्या एकाच चौकटीवर शेजारी शेजारी बसवलेत. एक चालतो, दुसरा राखीव. चालता पंप बंद पडला की राखीव सुरू करायचा, नाहीतर दूध नासतं आणि वाडीवाल्यांची सकाळची मेहनत गटारात जाते.

मागच्या वर्षी तसंच झालं. चालत्या पंपातून पाणी गळायला लागलं म्हणून त्यांनी राखीव सुरू केला, आणि तो किंचाळायला लागला. राखीव पंपाचं बेअरिंग काही महिन्यांपूर्वीच दादाने नवीन बसवलं होतं. आम्ही दोघं गेलो. मी बेअरिंग उतरवलं, डिझेलमध्ये धुतलं, उन्हात धरून बघितलं. आतल्या रिंगवर खड्डे होते, सारख्या अंतरावर, जितक्या गोळ्या तितके. ठोकून बसवलं की उठतात तसेच.

तिथले मॅनेजर कपाळाला हात लावून उभे होते. त्या दिवशीचं बरंच दूध गेलं होतं. त्यांनी विचारलं, "अहो, नवीन बेअरिंग असं कसं गेलं?"

मी उत्तर द्यायच्या आधी दादा म्हणाला, "थांबा साहेब. आमचं बारकं अजून शिकतंय, त्येला जरा येळ लागतो."

चेष्टाच होती ती. मॅनेजर हसले, कॅन धुणाऱ्या बायाही हसल्या. मी हसलो नाही. मी बेअरिंग मॅनेजरांच्या हातात दिलं आणि म्हणालो, "बसवताना हातोडी लागली असावी."

'असावी' हा शब्द मी वापरला होता, हे मी नंतर स्वतःला पुष्कळदा सांगितलं. पण तो शब्द तिथे कुणी ऐकलाच नाही. मॅनेजर दादाकडे बघून म्हणाले, "हातोडी? बरं. मग यापुढे बेअरिंग तुम्हीच बसवत जा." हे 'तुम्ही' माझ्यासाठी होतं.

दादाने हातातला पाना पुसला, पिशवीत ठेवला, पिशवीचं तोंड आवळलं आणि पिशवी तिथेच राहू देऊन तो बाहेर गेला. हत्यारांची पिशवी कायम त्याच्याकडे असायची. त्या दिवशी ती मी उचलली.

त्यानंतर दादाने बेअरिंगला हात लावला नाही. भांडण झालं नाही, एकमेकांशी बोलणं थांबलं नाही. फक्त काम आलं की तो म्हणायचा, "तू बसव. माझं काय खरं न्हाई आता." मग वॉशर कापणं, नट-बोल्ट निवडणं, चहा सांगणं. हळूहळू तो शटरजवळ खुर्ची टाकून बसायला लागला, आणि हल्ली तर आठवड्यातून एखादा दिवस यायचा. लोक विचारायचे, "थोरले कुठं दिसत न्हाईत?" मी सांगायचो, वय झालं. गाळा आता माझ्या पद्धतीने चालत होता. माझं स्टूल मी मधे सरकवून घेतलं होतं. खरं सांगायचं तर मला ते आवडलं होतं.

एक गोष्ट मात्र खुपायची. मोटरसायकलवर मागे बसला की दादा नेहमी माझ्या खांद्यावर हात ठेवायचा. घाट असो, सपाटी असो, तो जड पंजा खांद्यावर असायचाच. त्या दिवसानंतर तो मागचं कॅरिअर धरून बसायला लागला. मी आरशात बघायचो. विचारलं कधीच नाही.

यंदा थंडीत केंद्रावरून पुन्हा फोन आला. "राखीव पंप परत ओरडतोय. पहिल्यासारखाच."

मी फोन हातात धरून जरा वेळ गाळ्यात उभाच राहिलो. कारण ते बेअरिंग मी बसवलं होतं. माझ्या हातांनी, दादाच्याच कढईत गरम करून. हातोडी त्याच्या आसपासही नव्हती.

गेलो. पंप उघडला. बेअरिंग बाहेर आलं, आणि सवयीने मी डिझेलचा डबा पुढे ओढला. आधी धू, मग बघ, ही दादाचीच शिकवण. मळक्या वस्तूचा निवाडा करायचा नाही, असं तो म्हणायचा. डब्यात बुडवणार तेवढ्यात हात थांबला. मी तसंच, न धुता, ते उजेडात धरलं.

सारख्या अंतरावर खड्डे. पण प्रत्येक खड्ड्यात तांबूस पूड भरलेली, अंगणात गेरू सांडावा तशी. ग्रीसलाही तोच रंग चढलेला. हातोडीने उठलेल्या वळात अशी पूड नसते. ही झिजलेल्या लोखंडाची पूड होती. शेजारचा पंप रात्रंदिवस चालायचा, त्याची बारीक थरथर चौकटीतून या बंद पंपात यायची. गोळ्या फिरत नव्हत्या, एका जागी बसून नुसत्या थरथरत होत्या, आणि बसल्या जागी त्यांनी रिंग कोरली होती. हा पंप चालून खराब झाला नव्हता. बसवून ठेवला म्हणून खराब झाला होता.

आता जे सांगायचंय त्यासाठीच हे लिहायला घेतलं.

मागच्या वर्षी बेअरिंग डिझेलमध्ये धुतलं, तेव्हा डब्याच्या तळाशी तांबूस साका बसला होता. तो मी बघितला होता. तेव्हाच कुठेतरी खटकलं होतं. कारखान्यात असली पूड मी आधीही पाहिली होती. अजून एक 'का' विचारला असता तर उत्तर तिथेच होतं. पण तेवढ्यात बायांचं हसणं कानावर पडलं, आणि मला जे हवं होतं ते माझ्या हातात आलेलंच होतं. मी डबा गटारात ओतला. त्या दिवशी मी कारण शोधलं नाही. कारण काढलं.

दुपारी उत्रोलीला थोरल्या घरी गेलो. वहिनी ओट्यावर पावटे सोलत बसल्या होत्या.

"या भावजी. आज कुठली वाट चुकला?"

"दादा कुठाय?"

"म्हशीला घेऊन खाली गेल्यात. पाणी प्याला का? तोंड का असं?"

मी उंबऱ्यावर बसलो आणि सगळं सांगितलं. पूड, साका, गटार, सगळं. वहिनींचे हात चालूच होते. शेंग फोडायची, दाणे सुपात, साल बाजूला. माझं संपल्यावर त्या म्हणाल्या, "हातोडी आठवती का तुमाला? घरातली. लाकडी दांड्याची."

"हो."

"ती ह्यांनी खालच्या आळीत देऊन टाकली. म्हणले, आपल्याला कशाला पायजे. आता म्हशीची खुंटी ठोकायची तरी धोंडा घेत्यात." त्यांनी एक शेंग फोडली. "सगळ्या दुनियेच्या पंपांना इचारता भावजी, का बंद पडलास म्हणून. ह्यांना एकदा तरी इचारायचं."

मग त्यांनी मूठभर कोवळे दाणे माझ्या हातावर ठेवले, लहानपणी ठेवायच्या तसे. "जा. खाली हायेत."

भात काढलेल्या खाचरात वाल वीतभर वर आला होता. बांधावर दादा उकिडवा बसून खरंच धोंड्याने खुंटी ठोकत होता. धोंडा गुळगुळीत होता, हातात नीट बसेल असा निवडून ठेवलेला. म्हैस त्याच्या पाठीवर उसासे सोडत होती.

"दादा."

"का रं? गाळा बंद ठेवलास व्हय आज?"

"केंद्रावरचा पंप परत गेला. तेच खड्डे. यावेळी बेअरिंग मी बसवलं होतं."

तो धोंडा हातात धरून थांबला. "तुझ्याकडनं बी ठोकलं गेलं?"

"नाही दादा. कुणीच ठोकलं नव्हतं. तेव्हाही नाही." मी त्याला पूड दाखवली. कागदात बांधून बेअरिंग बरोबरच आणलं होतं. शेजारच्या पंपाची थरथर सांगितली. डब्यातल्या साक्याचंही सांगितलं. मी तो बघितला होता आणि ओतून दिला होता, हेही. हे सांगताना म्हशीकडे बघत होतो, त्याच्याकडे बघवेना.

दादाने बेअरिंग घेतलं, अंगठ्याने पूड चोळली, बोटाचा रंग बघितला.

"म्हंजी म्या ठोकलं न्हवतं."

"तुला माहीत नव्हतं का?"

"कसं माहीत असणार?" तो अगदी साधेपणाने म्हणाला. "बसवताना ठोकलंय असं काय आठवत न्हवतं. पण तू म्हणलास. तुझं कारण कवा चुकत न्हाई. मंग वाटलं, असंल बाबा. हातच इसरले असतील. पुढं कुणाचं वाटोळं नको म्हणून सोडून दिलं."

तो चिडला असता तर बरं झालं असतं. त्याने माझ्यावर विश्वास ठेवला होता, स्वतःच्या हातांपेक्षा जास्त.

"माझं चुकलं, दादा. नुसतं चुकलं नाही. मला तुझा राग आला होता. बारकं म्हणालास म्हणून."

त्याने बेअरिंग परत कागदात गुंडाळलं. मग म्हणाला, "मग काय म्हणायचं तुला? बारकाच हायेस की." आणि थोड्या वेळाने, खुंटी हलवून बघत, "न्हाई म्हणणार जा. चारचौघांत तरी."

मी रडलो नाही, पण पावट्याचे दाणे मुठीत चिरडले गेले होते, ते नंतर दिसलं.

"त्या पंपाचं आता काय करायचं?" त्याने विचारलं.

"बसू द्यायचा नाही. आलटून पालटून दोन्ही चालवायचे. आणि बंद असला तरी अधूनमधून हाताने फिरवायचा."

"एवढंच?"

"एवढंच."

"मंग सांगून येऊ चल त्येंना. कोण हातोडी घेऊन फिरतंय असं नको त्येंच्या डोक्यात." त्याने म्हशीच्या पाठीवर थाप मारली. "उद्या जाऊ. आज हिला पाणी पाजायचंय."

दुसऱ्या दिवशी केंद्रावर गेलो. टेम्पो उतरत होते. मी मॅनेजरांना सांगितलं, दादासमोर, कॅन धुणाऱ्या बायांसमोर: मागच्या वर्षी मी सांगितलेलं कारण खोटं होतं, बेअरिंग दादाने नीट बसवलं होतं. रात्रभर मनात हे वाक्य घोळवून ठेवलं होतं. मॅनेजर म्हणाले, "अहो, ते जाऊ द्या आता. पंप कधी चालू होणार ते सांगा." ते हे सगळं विसरूनही गेले होते. एका बाईने मात्र मान वर करून दादाकडे बघितलं आणि म्हणाली, "म्या तवाच म्हणलं व्हतं, हा माणूस ठोकाठोकीतला वाटत न्हाई." दादा लाजला. मी त्याला लाजताना कधी बघितलं नव्हतं.

पंपाचा शाफ्ट आणि बाकीचे भाग आम्ही पोत्यात बांधून मोटरसायकलच्या पेट्रोलच्या टाकीवर घेतले. नवीन बेअरिंग गाळ्यात बसवायचं होतं.

"कढई हाय का अजून?" दादाने विचारलं.

"आहे."

"तेल बदललंस का कधी?"

"नाही."

"वाटलंच मला. बदलाय लागंल. आणि हे बग," त्याने दोन्ही हात पुढे केले. बोटं किंचित थरथरत होती. मागच्या वर्षी थरथरत नव्हती. "गरम बेअरिंग धरवंल असं वाटत न्हाई. तू धर, म्या सांगतो."

मी मान हलवली. या थरथरीचं कारण मला कुणी विचारलं नाही, आणि त्याला वय हे उत्तर मी आता देणार नव्हतो.

निघताना मी हत्यारांची पिशवी खांद्याला अडकवली, गाडी सुरू केली. दादा मागे बसला. गडाकडे निघालेल्या पोरांच्या गाड्या समोरून येत होत्या. आरशात बघितलं. त्याचे हात मागच्या कॅरिअरवर होते.

मनात म्हटलं, बरोबरच आहे. असं एका दिवसात कुठे भरून येतं. पण वहिनींचं वाक्य आठवलं. मी गाडी बाजूला घेतली.

"काय झालं? पेट्रोल?"

"दादा, तू खांद्यावर हात का ठेवत नाहीस?"

"आं?"

"पूर्वी ठेवायचास. हल्ली कॅरिअर धरतोस. का?"

सूर्य कुठून उगवतो असं विचारल्यासारखा तो माझ्याकडे बघायला लागला. मग त्याने पिशवीला टिचकी मारली. आत पाने खणखणले.

"ही धोंड हाय की खांद्यावर. हात कुठं ठिवू? मागच्या वर्षापास्नं बरगडीत पाना टोचतोय माझ्या."

पिशवी. पिशवी माझ्या खांद्यावर का? दादाने ती उचलणं सोडलं म्हणून. दादाने उचलणं का सोडलं? तिथून खालच्या सगळ्या पायऱ्या मला पाठ होत्या.

पिशवी खांद्यावरून काढली आणि त्याच्यापुढे धरली.

"हां, आण हिकडं," तो म्हणाला. ती त्याने मांडीवर घेतली, तोंड उघडून आत बघितलं. "आवळ पाना कुठाय? हरवलास ना? तुला काय संबाळाय यायचं न्हाई." आणि पिशवीचं तोंड आवळून म्हणाला, "चल. कढई घासायची हाय अजून."

गाडी सुरू केली. पहिल्या वळणापर्यंत काही नाही. मग उजव्या खांद्यावर तो पंजा येऊन पडला, पूर्वीसारखाच जड. फक्त आता त्यातली बारीक थरथर मला हाडात जाणवत होती. मी गाडी हळू चालवली, आणि खांदा अजिबात हलू दिला नाही.